ठाण्यात जॅझ? आमच्या छोट्या गटाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळताना लोक स्टेजजवळ येतात आणि दर वेळी साधारण तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. लिहिणारा मी, म्हणजे गटातला ड्रमवाला. बाकीच्यांनी मजकूर वाचून हरकती घेतल्या; पटल्या त्या घेतल्या, उरलेल्यांवर अजून वाद चालू आहे.

ठाणं आणि जॅझ? हे कसं काय जमलं?

ठाणं म्हणजे तलाव, नाटकं, दहीहंडी, मान्य. पण जॅझला लागणारी माणसं इथे आधीपासून होतीच, फक्त ती एका खोलीत बसत नव्हती. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे होते. चर्चमध्ये स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, शिकलेली ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या मराठी ख्रिस्ती) घरं होती. नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करणारे होते, आणि तबल्याचे क्लास तर नौपाड्यात गल्लोगल्ली. जॅझ ही दक्षिण मुंबईतल्या बड्या लोकांची करमणूक आणि ती आपल्याकडे उशिरा, उपकार केल्यासारखी आली, असं जे धरून चालतात ते मला पटत नाही. ऐकणारे बडे असतील. वाजवणारे पोटासाठी वाजवणारेच होते.

गट सुरू कसा झाला?

कळव्यातल्या एका हळदीत. बँडमधले क्लॅरिनेटवाले, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, जेवणाच्या पंगती चालू असताना आपल्याच तंद्रीत सी. रामचंद्रांची एक चाल वाजवत होते. कडवं संपल्यावर मूळ चालीवर न परतता त्यांनी तिच्याभोवती जरा फिरून घेतलं. पाहुण्यांत चेंदणीच्या बाजूचे एक वयस्क ईस्ट इंडियन गृहस्थ बसले होते. तरुणपणी हॉटेलांत ट्रम्पेट वाजवलेले, अधूनमधून सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही गेलेले. ते ताट हातात घेऊनच बँडजवळ गेले आणि विचारलं, "हे कोणी शिकवलं तुला?" मामा म्हणाले, "कोणी नाय. बाप असंच वाजवायचा."

त्या दोघांच्या बैठका सुरू झाल्या. मग ऑर्गनकाका आले. बँकेतून निवृत्त, आयुष्यभर नाट्यपदांना साथ केलेली. त्यांच्यामागून मी, तबल्यावरून ड्रमवर सरकलेला. सगळ्यात शेवटी ऐरोलीहून एक इंजिनिअर मुलगी बेस गिटार घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी आम्हा चौघांना सांगितलं की तुम्ही सगळे पळताय. खरंच पळत होतो. आता लय तिच्या ताब्यात आहे.

गटाचं नाव काय?

आयोजक पत्रिकेवर छापेल ते. यावर एकमत होण्याची आशा आम्ही सोडली आहे.

मुळात मुंबईत जॅझ आलं कधी, आणि ते लग्नाच्या बँडपर्यंत पोचलं कसं?

हा प्रश्न कोणी विचारला की अंकल, म्हणजे आमचे ट्रम्पेटवाले, खुर्ची ओढून बसतात. त्यांच्याकडून ऐकलेलं आणि मी पडताळून पाहिलेलं थोडक्यात सांगतो.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड घेऊन कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. या मंडळींच्या बरोबर बसून, त्यांचं ऐकून इथले वादक तयार झाले. १९३९ पासून पुढची दोनेक दशकं ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड होता. गोव्यातल्या आल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवायचे; लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे (आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकन जॅझमधला सगळ्यात गाजलेला ट्रम्पेटवाला).

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाचगाण्याच्या हॉटेलांचा धंदा दारूवर चालायचा. तो बसला तसा बँडवाल्यांचा पगारही बसला. वादकांनी मोर्चा वळवला तो सिनेमाच्या स्टुडिओंकडे. सिनेमालाही हीच माणसं हवी होती. वाद्यवृंद मोठे होत होते आणि तीस-चाळीस जणांकडून एकाच टेकमध्ये काम काढायचं तर समोरचा कागद वाचता येणारे वादक लागतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरं लहानपणीच नोटेशन वाचायला शिकायची. म्हणून तिथले वादक. अंगात उपजत ताल वगैरे जे म्हणतात त्यापेक्षा हे कारण मला जास्त खरं वाटतं.

संगीतकार चाल बांधायचा, आणि कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते अरेंजर लिहून काढायचा. सबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्या पिढीतली मोठी नावं. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ती क्वचितच दिसली. गोन्साल्विस हे नाव घराघरांत माहीत आहे ते १९७७ च्या एका गाण्यामुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि त्या गाण्यातलं नाव ही गुरूला दिलेली सलामी.

आपल्या माणसाचं काम यात सगळ्यात वरचं. पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. शिक्षण रागदारीचं, आणि कान मात्र कुठल्याही दिशेला उघडा. 'अलबेला' (१९५१) साठी त्यांनी चिक चॉकलेटना बरोबर घेतलं. चिक आणि त्यांचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो. हीच गाणी रेडिओवरून आणि तबकड्यांवरून लग्नाच्या बँडवाल्यांनी कानाने उचलली. त्यांना स्विंग (जॅझमधला झुलता ठेका) हा शब्द माहीत नव्हता, तरी वाजवण्यात तो उतरला. जॅझचं अमेरिकेतलं जन्मगाव न्यू ऑर्लिन्स, तिथपासून कळव्याच्या हळदीपर्यंतचा रस्ता असा आहे: हॉटेल, दारूबंदी, स्टुडिओ, रेडिओ, वरात. मधला प्रत्येक माणूस बिदागीसाठी वाजवत होता.

मोठमोठे अमेरिकन कलाकार इकडे आले होते म्हणतात, ते खरं का?

खरं. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक, १९६३ मध्ये संगीतकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन, १९६४ मध्ये स्वतः लुई आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेले. शीतयुद्धाचा काळ, अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या कलाकारांना जगभर फिरवत होतं. पुढे १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात उघड्यावर व्हायचा. अंकल आजही त्यातल्या रात्री तारखेवार सांगतात आणि कोणी घड्याळाकडे बघितलं तर रागावतात.

पण आमच्या गटात सगळ्यात आवडती गोष्ट सॉनी रॉलिन्सची आहे. टेनर सॅक्सोफोनचा हा बादशहा १९६० च्या दशकाच्या अखेरीस सगळं सोडून भारतात आला आणि पवईच्या एका आश्रमात राहून योग, ध्यान आणि वेदान्त शिकला. पवई म्हणजे आमच्या तीन हात नाक्यापासून बसचा रस्ता! पुढे पहिल्या जॅझ यात्रेत तो वाजवायलाही आला.

सराव कुठे करता?

गटाचा खरा इतिहास बहुतेक याच उत्तरात आहे.

सुरुवात ऑर्गनकाकांच्या नौपाड्यातल्या दिवाणखान्यात झाली. क्लॅरिनेट आणि ऑर्गन शेजाऱ्यांनी खपवून घेतले. वर कौतुकही केलं. ट्रम्पेट आला तसं कौतुक आटलं. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि जवळून वाजणारा ट्रम्पेट नव्वदीच्या पुढे सहज जातो. म्हणजे तक्रार करणारे बरोबरच होते. अंकल भोंग्यात म्यूट (आवाज दाबणारा बूच) घालून वाजवायचे. मी काठ्या ठेवून ब्रश घेतले आणि स्नेअर ड्रमऐवजी टीपॉयवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर वाजवायला लागलो. कागदावर ब्रश गोल फिरवला की झाडू मारल्यासारखा जो खसखस आवाज येतो तो जॅझच्या संथ गाण्यांना इतका चपखल बसतो, की आजही स्टेजवर एका गाण्यासाठी मी वर्तमानपत्र घेऊन जातो. रविवारची पुरवणी नको, तिचा कागद गुळगुळीत असतो.

नंतर एका सोसायटीचा हॉल मिळाला. तिथे अडचण आवाजाची नव्हती, बारशांची होती. आमचं बुकिंग कायम दुय्यम.

सध्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात बसतो. दिवसा तिथे लेथ चालतात. संध्याकाळी मालक किल्ली देतो आणि जाताना दर वेळी बजावतो, "मशीनवर काही ठेवू नका." शेजारी कोणी राहत नाही, त्यामुळे पूर्ण आवाजात वाजवता येतं. पत्र्याच्या छपरामुळे झांज वाजून गेल्यावरही बराच वेळ रेंगाळते, आणि जोराचा पाऊस आला की बेसवाली हात वर करून थांबते, कारण कोणालाच काही ऐकू येत नाही. कुलंटच्या तेलाचा वास कपड्यांना लागतो. त्याची सवय झाली.

रागदारी आणि जॅझ एकच का? दोन्हीत आयत्या वेळी सुचलेलंच वाजवतात ना?

एक नाहीत. पण नात्यातली म्हणावीत इतपत जवळ आहेत. मला तबल्यावरून इकडे येताना जे दिसलं ते सांगतो.

ब्लूज म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला गाण्याचा प्रकार. त्याचा साचा बारा 'बारां'चा; बार म्हणजे तालाचा एक खण, आणि इथे प्रत्येक बारात चार मात्रा. एकूण ४८, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. हे कळलं त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली. जॅझमधल्या कितीतरी गाण्यांचा साचा ३२ बारांचा असतो. १२८ मात्रा, आठ आवर्तनं. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग एकेक जण त्याच साच्यावर आपली बढत करतो, शेवटी पुन्हा चाल. मध्येच चार-चार बारांची देवाणघेवाण होते, ती थेट सवाल-जवाब.

ब्लूजचे स्वर आपल्या भाषेत सांगायचे तर सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नि. धानी रागात तीव्र मध्यम घुसवल्यासारखे. शिवाय गायक दोन्ही गंधारांच्या मधे कुठेतरी रेंगाळतो. ऑर्गनकाकांनी हे ऐकल्यावर लगेच जोग राग काढला, त्यातही दोन्ही गंधार लागतात.

फरक मोठा आहे तो कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुडीचा. आपल्याकडे षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. तंबोरा तेच सांगत राहतो. जॅझमध्ये गायक-वादकाच्या पायाखालची कॉर्ड दर एक-दोन बारांना बदलते, आणि मघाशी गोड लागलेला स्वर तिथेच टोचायला लागतो. मामांना कानाने हे आपोआप समजायचं. ऑर्गनकाका आणि मी मात्र पुष्कळ दिवस अडखळत होतो. आमच्यासाठी अंकलनी मुद्दाम अशी गाणी निवडली ज्यांत कॉर्ड फार हलत नाहीत. १९५९ नंतर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या प्रभावाने हा प्रकार रूढ झाला: आठ-आठ, सोळा-सोळा बार एकाच सप्तकावर राहायचं. त्यातलं एक प्रसिद्ध गाणं सोळा बार काफी थाटात चालतं, मग आठ बार तोच थाट अर्धा स्वर वर, मग पुन्हा खाली. काका म्हणाले, "एवढंच? मग हे आधी का नाही सांगितलंत?"

पट्टीचा घोळ वेगळाच. ट्रम्पेटवाला ज्याला सी म्हणतो तो प्रत्यक्षात बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. मामा हल्ली अल्टो सॅक्सोफोनही वाजवतात. त्यांचा सी म्हणजे काळी दोन. सुरुवातीला कोणी "सी वरून घ्या" म्हटलं की तिघे तीन पट्ट्यांत सुटायचे. आता गाळ्याच्या भिंतीवर खडूने तक्ता काढलाय, पट्टी काळी-पांढरीतच सांगायची असा नियम आहे आणि इंग्रजी अक्षर उच्चारणाऱ्याने चहा पाजायचा.

मध्येच गट फुटला होता म्हणे?

फुटला नव्हता, अबोला होता. वाद असा की हिंदी-मराठी गाणी जॅझ अंगाने वाजवायची का. अंकलचं म्हणणं, अमेरिकन स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या वाजवतात ती ठरलेली गाणी, आधी नीट वाजवा, मग बाकीचं. मामांचं म्हणणं, लोकांना ओळखीचं काही ऐकू आलं नाही तर ते वडापाव खायला बाहेर जातात. दोघंही बरोबर होते आणि म्हणूनच कोणी माघार घेईना. बेसवालीने तोडगा काढला: अमेरिकेतले जॅझवालेही त्यांच्या नाटक-सिनेमांतली गाणीच घेऊन वाजवत होते, मग आपण आपल्या नाटक-सिनेमांतली घेतली तर ती आपली स्टँडर्ड. यावर अंकल बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. पण कॉर्ड मी लिहिणार." तेव्हापासून आमच्या कार्यक्रमात नाट्यपद असतं. ते सगळ्यात कठीण जातं, कारण श्रोत्यांत हमखास एक आजोबा असतात ज्यांना मूळ पद तानांसकट पाठ असतं.

ऐकायला गेल्यावर टाळ्या कधी वाजवायच्या?

एकेकाचं एकट्याचं वाजवून झालं की लगेच. गाणं संपायची वाट बघू नका. 'क्या बात है' म्हटलंत तरी चालेल, आम्हाला तेच जास्त आवडतं. तालावर टाळी धरणार असाल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीने पहिल्या आणि तिसऱ्यावर पडतो, मग मला ड्रमवर नको तितका जोर लावावा लागतो.

लग्नाला, हळदीला वाजवाल का?

मामा वाजवतात, त्यांचा तो व्यवसायच आहे आणि त्यात ते आमच्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. गट म्हणून नाही. एकदा गेलो होतो. जेवणाच्या काउंटरशेजारी बसवलं आणि मधूनमधून माइकवर गाड्यांचे नंबर पुकारत होते.

पैसे मिळतात?

चहा, गाळ्याचं वीजबिल आणि रीड (क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या तोंडाची वेताची पट्टी) यापुरते. ऐरोलीला परतणारी शेवटची ट्रान्स-हार्बर गाडी चुकली की तेही रिक्षात जातात.

रेकॉर्डिंग का नाही टाकत?

स्वतःच्या चाली टाकल्या आहेत. दुसऱ्यांच्या चालींना परवानगी लागते. आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. सी. रामचंद्र गेले १९८२ मध्ये. म्हणजे त्यांच्या चाली २०४२ संपेपर्यंत संरक्षित. "ऐकवायला मिळतं तेवढं ऐकून घ्या," असं अंकल म्हणतात.

मुलाला सॅक्सोफोन शिकायचाय. कुठला घ्यावा?

आधी वाद्य वापरलेलं घ्या, पण जाणत्या माणसाला बरोबर नेऊन. धोबी तलावच्या दुकानांतून नवी-जुनी दोन्ही बघता येतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अल्टो पेलतो. टेनर मानेला जड होतो. वेताची रीड लागते, तीच आवाज काढते. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची आणि वाजवून झाली की पुसून सपाट केसमध्ये ठेवायची. तशीच तोंडाला लावून ठेवली तर लहरी पडतात आणि बुरशी धरते.

पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत आणखी एक त्रास: किल्ल्यांखालच्या चामडी गाद्या दमट होऊन भोकांना चिकटतात. वाजवताना जी-शार्पची किल्ली उघडतच नाही आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. पातळ टिपकागद गादीखाली घालायचा, किल्ली हलकेच दाबून ओल टिपू द्यायची आणि दाब काढून मगच कागद काढायचा. दाबून ओढला तर गादी फाटते. मामा प्रत्येक गाण्यानंतर हे करतात. लोकांना वाटतं तो काही विधी आहे.

आम्ही काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

घरात आहे तिथून. सी. रामचंद्रांची पन्नाशीच्या दशकातली गाणी लावा आणि या खेपेला गायकाकडे लक्ष न देता मागचे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ऐका. मग लुई आर्मस्ट्राँगची १९२० च्या दशकातली ध्वनिमुद्रणं. मग एलिंग्टन. रॉलिन्स त्यानंतर, त्याची एक लकेर तो किती तऱ्हांनी फिरवून बघतो ते ऐकताना तुम्हाला ख्यालाची आठवण होईल. बीबॉप, म्हणजे चार्ली पार्कर वगैरे, पहिल्या दिवशी नको. ते अतिशय जलद आहे आणि लोक घाबरून पळतात. ऑर्गनकाका या सल्ल्याशी असहमत आहेत. त्यांच्या मते पार्करपासूनच सुरुवात करावी, म्हणजे पुढचं सगळं सोपं वाटतं.

तुमच्याबरोबर वाजवायला यायचंय. चालेल का?

या. वाद्य कुठलंही चालेल. एकदा एक मुलगा बुलबुलतरंग घेऊन आला होता आणि झकास वाजवून गेला. गायकांनी आपली पट्टी आधी कळवावी. दोन अटी: दुसरा वाजवत असताना मोबाइल बघायचा नाही, आणि आपली पाळी संपली की थांबायचं. दुसरी अट अंकलना लागू नाही. ड्रमवर बसायचं असेल तर काठ्या आपल्या आणा, वर्तमानपत्र मी देईन.